खोटं बोलू नका, फक्त ठाम बोला

दुकानात काउंटरला नव्यानं लागलेल्या पोरांनो, गिऱ्हाइकानं खोटारडा म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. खोटं बोलायला आधी खरं काय ते माहीत असावं लागतं. तेवढी मेहनत तुम्ही घेतलेली नाही, हे मी गेल्या महिन्यात लातुरात पदरचे पैसे मोजून पाहून आलोय. तेव्हा पाप लागायची काळजी सोडा आणि मी सांगतो त्या चार गोष्टी ध्यानात ठेवा.

‘माहीत नाही’ हे दोन शब्द चपलेबरोबर दाराबाहेर काढून आत यायचं.

खोक्यावरचं वाचत बसू नका. ते गिऱ्हाइकासाठी छापलेलं असतं, आणि गिऱ्हाईक चष्मा घरी विसरून आलेलं असतं.

‘मी स्वतः घरी हाच वापरतो’ हे वाक्य पाठ पाहिजे. घरी माठ असला म्हणून काय झालं? वॉरंटी सांगताना ‘दहा वर्षं’ मोठ्यानं म्हणा, ‘कंप्रेसरला’ हे गिऱ्हाइकानं गाडीला किक मारल्यावर. फ्रिजवरचं स्टारचं लेबल कोणत्या सालाचं, तो आकडा नेमका तळहाताखाली येईल असं टेकून उभं राहायचं.

बियाण्याच्या दुकानात असाल तर काम आणखी सोपं. सोयाबीनच्या बॅगेला उगवण किमान ७० टक्के असा टॅग शिवलेला असला तरी तोंडानं ‘शंभर टक्के उगवतंय मामा’ म्हणायचं. वरचे तीस टक्के तुमच्या आत्मविश्वासाचे. नाही उगवलं तर पाऊस आहेच नावं ठेवायला.

आता पाण्याच्या फिल्टरचं. माझं दुखणं तिथंच आहे.

आम्ही घरून नळाचं पाणी बाटलीत घेऊन गेलो होतो. पोरानं दोन ग्लास मांडले, एकात आमचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं. दोन्हीत सळया बुडवून बटण दाबलं. मिनिटाभरात आमच्या ग्लासात तपकिरी गाळ, मशीनचं पाणी नितळ. “बगा काका, हे पिता तुम्ही!” माझ्या बरोबर दहावीतली पोरगी होती. ती म्हणाली, “दादा, त्या चांगल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून दाखवा की.” पोरगं म्हणालं, “कंपनीत तसं चालत नाही ताई.” आणि मी शहाणा, मी माझ्याच लेकीला म्हणालो, गप बस, त्यांना माहीत असतंय.

घरी आल्यावर तिनं मशीनच्याच पाण्यात मीठ टाकलं, नऊ व्होल्टच्या सेलला तारा जोडून दोन खिळे सोडले. थोड्या वेळात तोच चहा तयार. गाळ पाण्यातला नव्हताच, सळईचा होता. क्षार असले की पाण्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं. मशीननं क्षार काढलेले असतात म्हणून तिथं काही होत नाही. शाळेतल्या पोरीला कळतं ते दिवसाला वीस वेळा बटण दाबणाऱ्याला कळू नये? की कळून घ्यायचं नाही असंच ठरलेलं आहे?

मी एकच प्रश्न विचारला होता. पाणी किती वाया जातं? “नव्या टेक्नॉलॉजीत वायाच जात नाही काका.” डोळ्याची पापणी हलली नाही. मशीन बसवायला आलेला माणूस पहिल्यांदा काय म्हणाला? “हा पाइप कुठं सोडू?” म्हटलं, कसला पाइप? “वेस्टचा.”

मी मोजलं. एक तांब्या भरेपर्यंत बाहेर तीन तांबे जातात. आणि हे कुठं? ज्या गावाला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं. आमच्या गल्लीत आजही नळ आला की माणसं हातातलं काम टाकून पळतात. शेजारच्यांकडून टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं मीटर आणून लावलं तर आमच्या नळाचा आकडा ३१०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं धरलंय. म्हणजे क्षार काढायचं हे मशीन मला लागतच नव्हतं. पाणी नळाचं की बोअरचं, एवढंसुद्धा त्यानं विचारलं नाही.

थांबा, बादली बदलून येतो.

हां. तर परत दुकानात गेलो. पोरगं म्हणालं, “काका, वाया जात नाही म्हनलो. बाहेर जात नाही कुटं म्हनलो? बादली लावा, भांडी घासा.” वकिली करायची सोडून हे पोरगं इथं काय करतंय?

जाता जाता कायद्याचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूबद्दल तोंडी सांगितलेलं खोटंही अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं, आणि तक्रारीला १९१५ हा नंबर आहे. तेव्हा लिहून काही देऊ नका. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का तेवढा ठळक मारा.

आणि शेठ, तुम्ही. गल्ल्यावर बसून सगळं ऐकत होता तुम्ही. मी भांडायला लागलो तेव्हा म्हणालात, “पोरगं नवीन आहे, सर.” दुकान नवीन आहे का? त्याला एक दिवस बसवून ते खोकं तरी वाचून दाखवलंत का? ह्या पीसमागं त्याला जास्तीचे पैसे कोण देतं, मी? ‘विचारून सांगतो काका’ एवढं तो म्हणाला असता तर मी अर्धा तास थांबलो असतो, चहाही माझ्याच पैशानं पाजला असता. पण तसं म्हणणारं पोरगं तुम्ही पहिल्या महिन्यात घरी पाठवाल. माझ्यासमोर त्याला आई-बहिणीवरून शिव्या घातल्यात, तेव्हा लाज वाटली नाही? त्याला बोलायला शिकवलं कुणी?

बसवणाऱ्यानं पाइप कुठं सोडू विचारलं, तेव्हा मोरीत सोड म्हणालो मी. तुमच्या गल्ल्यात सोड म्हणायला पाहिजे होतं.