स्वल्पविरामांपायी रात्री कशाला जाळायच्या? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

संदर्भसूचीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. ‘मॅडम, तुम्ही पोरांना कारकून बनवताय. विज्ञान स्वल्पविरामात नसतं. झोटेरो हे सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये सूची करून देतं, मोठी जर्नल्स आता कोणत्याही पद्धतीतली सूची घेतात, आणि एका अभ्यासाप्रमाणे फॉरमॅटिंगपायी संशोधकाचे वर्षाला 52 तास जातात. शिवाय वैद्यकीय लेखांतल्या व्हँकुव्हर या संदर्भपद्धतीत तीन नाही, सहा लेखक देऊन मग एट अल (‘आणि इतर’) येतं. एवढं तरी तपासा.’

शेवटचं आधी घेते, कारण तिथे मी सरळसरळ चुकले. सहाच. मी ज्या जर्नलच्या प्रती कित्येक वर्षं तपासते, त्याचा घरचा नियम तीनचा आहे, आणि तोच जगाचा नियम असल्यासारखा बोटांतून उतरला. लेखात दुरुस्ती केली आहे.

जर्नल्सबद्दलही तुमचं बरोबर आहे. एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या बऱ्याच जर्नल्समध्ये पहिल्यांदा लेख पाठवताना सूची कोणत्याही पद्धतीत चालते, फक्त ती सगळीकडे एकसारखी हवी. लेख स्वीकारला गेला की पुढचं ते बघतात. तेव्हा मे महिन्यात कूलरसमोर बसून रात्री दोन वाजता जर्नलची नावं तिरकी करणाऱ्या रेसिडेंट डॉक्टर मुलामुलींनो, आधी जर्नलच्या सूचना वाचा आणि शक्य असेल तर झोपा. हे मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं.

पण झोटेरोच्या एका क्लिकवर मी थांबते. झोटेरो मीही वापरते, सगळ्यांना वापरायला लावते. फुकट आहे, चांगलं आहे. मात्र ते सूची मांडून देतं, तपासून देत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दर चार-पाच सूचींत एकदा तरी ‘ऑर्गनायझेशन डब्ल्यू. एच.’ नावाचे लेखक भेटतात. हे गृहस्थ म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन. संस्थेचं नाव आडनाव-नावाच्या दोन खान्यांत पडलं, की झोटेरो शेवटचा शब्द आडनाव समजतं आणि उरलेल्यांची आद्याक्षरं करतं. नावाशेजारच्या बटणाने दोन खान्यांचा एक खाना केला की झालं, दहा सेकंदांचं काम. पण त्यासाठी सूची कोणीतरी डोळ्यांनी वाचायला हवी ना! आपल्या नावांचे तर याहून हाल. वडिलांचं नाव कधी आडनाव होतं, कधी गायब होतं, आणि एकच बाई दोन लेखांत दोन माणसं होऊन बसते.

अजून एक, जे सॉफ्टवेअर असूनही हमखास बिघडतं. व्हँकुव्हरमध्ये मजकुरात संदर्भ ज्या क्रमाने पहिल्यांदा येतो, तो त्याचा आकडा. फक्त तक्त्यात आलेल्या संदर्भाला त्या तक्त्याचा उल्लेख मजकुरात जिथे पहिल्यांदा येतो, तिथला आकडा मिळतो. विद्यार्थी तक्ते वेगळ्या फाइलमध्ये करतात, तिथले आकडे हाताने टाकतात, मग गाइड लेखाच्या ‘चर्चा’ या भागातला एक परिच्छेद उडवतात आणि मजकुरातले आकडे सरकतात. तक्त्यातले तिथेच राहतात. 17 व्या संदर्भाचा निष्कर्ष 18 व्याच्या नावावर जातो. सर, हा स्वल्पविराम नाही. ही चुकीची साक्ष आहे.

नागपुरात पत्ता कसा सांगतात ते तुम्हाला माहीतच आहे. ‘अमुक लेआऊट, पाण्याच्या टाकीजवळ, हनुमान मंदिराच्या मागची गल्ली.’ त्याच नावाचा दुसरा लेआऊट शहराच्या दुसऱ्या टोकाला निघतो, आणि डिलिव्हरीवाला पोरगा फोन करकरून रडकुंडीला येतो. प्लॉट नंबर दिला असता तर? संदर्भातलं वर्ष, खंड, पान आणि डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) म्हणजे तो प्लॉट नंबर. त्यांच्या मध्ये स्वल्पविराम असो की अर्धविराम, त्यावरून मी भांडणार नाही. पान चुकलं तर भांडेन.

आता तुमचा मुख्य मुद्दा, की विज्ञान यात नसतं. 1980 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पोर्टर आणि जिक यांचं एक पत्र छापलं गेलं. लेख नव्हे, संपादकांना पत्र. जेमतेम पाच वाक्यं. रुग्णालयात दाखल असलेल्या ज्या 11,882 रुग्णांना अफूवर्गातली वेदनाशामक औषधं दिली, त्यांच्यापैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, एवढंच त्यात होतं. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल एक शब्द नाही. 2017 मध्ये त्याच जर्नलमध्ये हिशेब छापून आला: हे पत्र 608 वेळा उद्धृत झालं, त्यातले 439 जण ‘या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून ते देत होते, आणि ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे बहुतेकांनी सांगितलंच नव्हतं. अमेरिकेत त्या गोळ्यांच्या व्यसनाची पुढे कशी साथ पसरली, ते तुम्हाला मी सांगायला नको.

यात फॉरमॅटिंगचा काय संबंध, म्हणाल. व्हँकुव्हर पद्धतीत उद्धृत केलेली गोष्ट पत्र असेल, तर शीर्षकापुढे चौकटी कंसात ‘पत्र’ असं लिहायचं असतं. तो कंस भरणाऱ्याला थांबून बघावंच लागतं की आपण नेमकं काय उद्धृत करतोय. पानाच्या जागी ‘123’ एवढंच, पासून-पर्यंत नाही, म्हणजे मजकूर एका पानाच्या आत संपला. हे दोन तपशील हाताखालून गेले की माणूस मूळ पान उघडतो. निदान उघडण्याची शक्यता तरी असते. क्लिकमध्ये ती नसते.

आणि कोणी उघडतच नाही तेव्हा काय होतं, त्याची गंमत ऐका. एल्सव्हिअरने लेखकांना नमुना म्हणून एक संदर्भ छापून दिला होता: व्हॅन डर गीर आणि इतर, 2000, शास्त्रीय लेख लिहिण्याच्या कलेवर. असा लेख अस्तित्वातच नाही. तरी तो जवळपास चारशे लेखांच्या सूचीत जाऊन बसला. काहींची नमुन्याची ओळ पुसायची राहिली असेल, ते समजू शकते. बाकीच्यांचं काय?

राहिले तुमचे 52 तास. तुम्ही ना लेखक दिले, ना वर्ष, ना जर्नल, त्यामुळे शोधायला मला वीस-पंचवीस मिनिटं लागली. प्लॉस वन हे जर्नल, 2019. 41 देशांतल्या 372 जणांनी स्वतःच्या अंदाजाने सांगितलेले तास आहेत, आणि त्यात मजकूर, आकृत्या, तक्ते सगळ्याचं फॉरमॅटिंग धरलंय. एकट्या संदर्भसूचीचे तास ते नाहीत.