लाँचचे भाडे आणि एसटीचा टप्पा

माझ्या मामी कोयनेच्या जलाशयाच्या पलीकडच्या काठावर राहतात. वय एकाहत्तर. मागच्या महिन्यात त्यांना डोळे तपासायला साताऱ्याला यायचे होते. दिवस उजाडायच्या आत त्या पायवाट उतरून काठावर आल्या, लाँचने बामणोलीला पोहोचल्या, तिथून एसटीने कासच्या पठारावरून साताऱ्यात आल्या, आणि दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दुपार कलली. परतीची शेवटची लाँच गाठणे शक्य नव्हते, म्हणून त्या आमच्याकडे मुक्कामाला राहिल्या. दुसरा दिवस शनिवारचा होता. बामणोलीला पोहोचल्यावर लाँच पर्यटकांनी आधीच भरलेली दिसली आणि मामी पुढच्या फेरीची वाट पाहत तीन तास धक्क्यावर बसून राहिल्या.

मामी जमाखर्चाची वही ठेवतात. त्या वहीत लाँचचे तिकीट हा सर्वांत लहान आकडा आहे. सोबत आलेल्या पुतण्याचा दोन दिवसांचा रोज बुडाला, म्हशीची धार काढायला शेजारच्या बाईंना सांगावे लागले, त्यांना धान्य द्यावे लागले, आणि वाट पाहण्यात गेलेल्या तीन तासांची नोंद तर कुठेच नाही. लाँचचे भाडे कमी करावे, अशी मागणी आमच्या भागात अधूनमधून होते आणि माझा तिला पाठिंबा आहे. मात्र ती वही पाहिल्यापासून मला असे वाटू लागले आहे की, भाडे कमी करण्याआधी ते कोणासाठी कमी करायचे आणि त्या माणसाला लाँचमध्ये जागा मिळणार का, हे दोन प्रश्न सुटले नाहीत, तर स्वस्त तिकीट मामींच्या उपयोगी पडणार नाही.

माझी भाची ग्लासगोला राहते. फोनवर हा सगळा प्रकार सांगितला, तेव्हा तिने स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांचा विषय काढला. त्यानंतर मी जमेल तेवढे वाचले. तिकडचा अनुभव आपल्याला फार जवळचा आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

त्या बेटांवरच्या लोकांची जुनी तक्रार अशी होती की, जेवढ्या अंतराला रस्त्याने थोडे पैसे लागतात, तेवढेच अंतर पाण्यावरून कापायला कितीतरी जास्त मोजावे लागतात. यावर नॉर्वेत वापरला गेलेला एक उपाय तिथे १९७० च्या दशकापासून सुचवला जात होता: बोटीचे भाडे ठरवताना तेवढेच अंतर रस्त्याने जायला काय खर्च आला असता ते पाहायचे, त्यात एक ठरावीक रक्कम मिळवायची आणि तेवढेच भाडे आकारायचे. बोट चालवण्याचा उरलेला खर्च सरकारने सोसायचा. आपल्या भाषेत सांगायचे तर, लाँचचे भाडे एसटीच्या टप्प्याप्रमाणे लावायचे. एसटीचा एक टप्पा ६ किलोमीटरचा असतो आणि गाडी घाटातून जावो की सपाटीवरून, टप्प्याचा दर बदलत नाही. मग पाण्यावरून गेल्यावर तो का बदलावा? हा विचार मला मनापासून पटतो. पाणी हा त्या माणसाचा रस्ताच आहे, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

स्कॉटलंडमध्ये ही पद्धत ऑक्टोबर २००८ मध्ये पश्चिमेकडची दूरची बेटे आणि कोल, टायरी या मार्गांवर प्रायोगिक म्हणून सुरू झाली. २०१२ मध्ये आयला, कोलोन्से आणि गिगा या बेटांना ती मिळाली, २०१४ मध्ये अ‍ॅरन बेटाला, आणि २०१५ मध्ये त्या किनाऱ्यावरच्या उरलेल्या मार्गांना. भाडी खरोखरच उतरली, आणि माणसांपेक्षा मोटारींची जास्त उतरली. लग्नकार्याला, मयतीला, आजारी नातेवाइकाला भेटायला जाणे सोपे झाले, शिकायला बाहेर पडलेली मुले अधिक वेळा घरी येऊ लागली. पर्यटक वाढले आणि त्यांच्याबरोबर खाणावळी, राहण्याच्या सोयी आणि हंगामी रोजगारही वाढला. जिथली तरुण माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जात राहिली, तिथे ही लहान गोष्ट नाही.

अडचण अशी झाली की, स्वस्त भाडे सर्वांना सारखेच होते. बेटावर राहणाऱ्याला जे भाडे, तेच आठ दिवसांच्या सुट्टीवर आलेल्याला. पाहुण्यांची सहल महिनोन्‌महिने आधी ठरते, त्यामुळे उन्हाळ्यातल्या बोटींवर मोटारींची जागा ते आधीच आरक्षित करून ठेवतात. बेटावरच्या माणसाला दवाखान्याची तारीख आठ दिवसांवर आलेली कळते, तोवर बोट भरलेली असते. एकेरी अरुंद रस्त्यांवर राहण्याची सोय असलेल्या, घरासारख्या मोठ्या गाड्या येऊ लागल्या. एवढे होत असताना बोटी मात्र जुन्याच राहिल्या. २०१५ मध्ये दोन नव्या मोठ्या बोटींचे कंत्राट दिले गेले, त्यांपैकी पहिली, ‘ग्लेन सॅनॉक्स’, प्रवाशांना घेऊन निघाली ती जानेवारी २०२५ मध्ये, आणि खर्च मूळ आकड्याच्या कितीतरी पट झाला. भाडे एका आदेशाने कमी करता येते, बोट मात्र आदेशाने तरंगत नाही. ज्या वर्षांत मागणी वाढवली, त्याच वर्षांत बोटी वाढवता आल्या नाहीत, आणि मधल्या काळाची किंमत बेटावरच्या लोकांनी मोजली.

आणखी एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. २०१२ मध्ये पहिल्या प्रायोगिक मार्गांवर मोठ्या मालवाहू गाड्यांची सवलत काढून घेण्यात आली. माल वाहून नेणाऱ्यांनी त्याबद्दल मोठी नाराजी व्यक्त केली आणि ती योग्यच होती. बेटावरचे जगणे महाग असते ते मुख्यतः मालाच्या वाहतुकीमुळे. कोंबडीखाद्य, सिमेंट, जळण, औषधे, शाळेची बाके हे सगळे बोटीनेच येते. सहलीची मोटार स्वस्तात न्यायची आणि पिठाच्या पोत्यांची गाडी पूर्ण भाड्याने, हा क्रम मला उलटा वाटतो. आमच्याकडे तापोळ्याच्या तराफ्यावर गाड्या चढताना मी अनेकदा पाहिल्या आहेत. तिथे भाड्याचा विचार व्हायचा असेल, तर सुरुवात गॅसच्या टाक्या, खताची पोती आणि घरबांधणीचे साहित्य आणणाऱ्या गाड्यांपासून व्हावी.

आता आपल्या पाण्याविषयी. स्कॉटलंडच्या बेटांभोवतीचा समुद्र निसर्गाने घातलेला आहे. जावळी, महाबळेश्वर आणि पाटण तालुक्यांतल्या आमच्या गावांपुढचे पाणी सरकारने अडवलेले आहे. कोयना धरणात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठू लागले. आज त्याची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे आणि त्या पाण्यावर राज्यातला सर्वांत मोठा जलविद्युत प्रकल्प चालतो. नदीकाठची भातखाचरे, देवळे आणि बैलगाडीच्या वाटा त्या पाण्याखाली गेल्या. अनेक कुटुंबे रायगड, ठाणे, सोलापूर अशा जिल्ह्यांत नेऊन वसवली गेली आणि जी राहिली, ती उतारावर वर सरकली. माझी आजी सांगायची की, तिच्या लग्नानंतरची पहिली काही वर्षे ती नदी पायी ओलांडून माहेरी जात असे आणि नंतर त्याच माहेराला जायला तिला लाँचचे तिकीट काढावे लागले. ज्यांचा रस्ता राज्याच्या विजेसाठी बुडाला, त्यांच्यासाठी पाण्यावरचा रस्ता टप्प्याच्या दराने देणे हे मला देण्यातली परतफेड वाटते, आणि म्हणून त्याला ‘सवलत’ हा शब्द वापरायलाही माझे मन तयार होत नाही.

एसटीने गेल्या काही वर्षांत जे केले, ते इथे आठवण्यासारखे आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्या ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला. मामी बामणोली ते सातारा अर्ध्या तिकिटात येतात. परंतु ही योजना एसटीच्या गाडीपुरती आहे. ज्या गावात एसटीचे चाक पोहोचत नाही, तिथल्या बाईसाठी प्रवासाचा पहिला तुकडा पाण्यावरचाच असतो, आणि प्रवासाचा विचार करताना तो तुकडा कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही.

कोणी म्हणेल की, पर्यटकांवर एवढा राग कशासाठी. राग अजिबात नाही. कासचे पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरल्यापासून आणि जलाशयापलीकडच्या वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्यांची गर्दी वाढल्यापासून बामणोलीच्या किती घरांत बोटीवर, तंबूंवर, जेवणावळीवर चूल पेटते, हे मी जवळून पाहतो. मुनावळ्याला २०२४ मध्ये जलपर्यटनाचे केंद्र सुरू झाले, तिथेही आसपासच्या मुलांना काम मिळावे, अशीच माझी इच्छा आहे. पण पर्यटकाची बोट आणि गावकऱ्याची लाँच या दोन वेगळ्या गरजा आहेत. वासोट्याला जाणारा आपला दिवस ठरवून, पूर्ण बोट भाड्याने घेऊन येऊ शकतो, आणि लाँचमध्ये बसलाच तर त्याने पूर्ण भाडे द्यावे. त्यात त्याचे काही बिघडत नाही. त्याच्यासाठी तिकीट स्वस्त केल्याने जी गर्दी वाढेल, तिच्यात मामींची जागा जाईल. शिवाय पावसाळ्यात वासोटा बंद होतो आणि पर्यटक नाहीसे होतात, तेव्हाही मामींना साखर आणि रॉकेलपासून औषधांपर्यंत सगळ्यासाठी याच पाण्यावरून यावे लागते. म्हणून फेऱ्यांचे वेळापत्रक त्या चार महिन्यांवरून ठरले पाहिजे.

रहिवाशाला वेगळे भाडे देणे ही काही नवी कल्पना नाही. अंदमानात बेटाबेटांमधल्या सरकारी बोटींवर स्थानिकांचे भाडे वेगळे आणि बाहेरून आलेल्यांचे वेगळे असते, स्थानिकाला त्यासाठी ओळखपत्र मिळते. लक्षद्वीपच्या जहाजांवरही असाच भेद आहे. स्कॉटलंडमध्ये कोल, टायरी आणि मल या बेटांच्या मार्गांवर बोटीच्या डेकवरची मोटारींची काही जागा रहिवाशांसाठी राखून ठेवण्याचा प्रयोग अलीकडे झाला. भाडे कमी केल्यावर बऱ्याच वर्षांनी तिथे हे सुचले. आपण ते आधी करू शकतो. प्रत्येक फेरीतली काही आसने सुटण्याच्या वेळेआधी दहा मिनिटांपर्यंत गावकऱ्यांसाठी राखीव ठेवायची आणि मग उरलेली इतरांना द्यायची, एवढ्यानेही बराच फरक पडेल.

रहिवासी कोण, हा प्रश्न मात्र सोपा नाही, आणि त्यावर माझे मत अजून डळमळीत आहे. आमच्या खोऱ्यांतली निम्मी घरे मुंबईवर जगतात. सातबाऱ्यावर नाव आहे, गावच्या यात्रेला देवाची पालखी उचलायला तेच येतात, पण वर्षातले अकरा महिने ते कांदिवलीत किंवा घाटकोपरला असतात. त्यांना रहिवासी धरले, तर यात्रेच्या आठवड्यात लाँच पुन्हा अपुरी पडेल. नाही धरले, तर धरणाने ज्यांना बाहेर घालवले, त्यांच्याच मुलांना आपण पाहुणे ठरवू. तूर्त मला असे वाटते की, राखीव आसने रेशनकार्डावर गावचा पत्ता असलेल्यांना द्यावीत आणि कमी भाडे धरणग्रस्त कुटुंबांतल्या सर्वांना लागू करावे. यात्रेच्या दिवसांत फेऱ्या वाढवाव्यात. याहून चांगला तोडगा कोणाला सुचत असेल, तर तो मला हवा आहे.

स्वस्त तिकीट दोन्ही दिशांना चालते, हेही विसरता येत नाही. मेढ्याला किंवा साताऱ्याला जाणे सोपे झाले की बाजार तिकडूनच होतो आणि गावातल्या एकमेव किराणा दुकानाला गिऱ्हाईक उरत नाही. ते दुकान बंद पडले, तर लाँच न चालणाऱ्या वादळी दिवसांत मीठसुद्धा मिळणार नाही. त्यामुळेच मालाचे भाडे कमी करण्याचा मुद्दा मी एवढा लावून धरतो. दुकानदाराचा माल स्वस्तात आला, तर तो टिकेल.

पूल झाल्यावर हे सगळे मिटेल, असे बरेच जण म्हणतात. तापोळ्याकडून आहीरच्या बाजूला जाणाऱ्या पुलाचे काम हाती घेतले गेले, त्याचा मला आनंदच आहे. स्कॉटलंडमध्ये स्काय बेटाला १९९५ मध्ये पूल मिळाला, पण त्यावर एवढा टोल होता की लोकांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले आणि डिसेंबर २००४ मध्ये तो टोल रद्द करावा लागला. म्हणजे पूल झाला तरी पलीकडे जाण्याची किंमत कोण देणार, हा प्रश्न उरतोच. आणि एका पुलाने सगळी गावे जोडली जात नाहीत. कांदाटी खोऱ्यातल्या वरच्या गावांना आजही कित्येकदा रघुवीर घाटाने खेडच्या बाजूला उतरणे जवळचे पडते, आणि पावसात दरड कोसळली की तीही वाट राहत नाही. ती गावे पुढची अनेक वर्षे लाँचवरच राहणार आहेत.

मामींची डोळ्यांची पुढची तारीख मे महिन्यात आहे. तोवर पाणी बरेच खाली गेलेले असेल, लाँच नेहमीच्या जागेपासून दूर थांबेल आणि वाळलेल्या गाळाच्या भेगांमधून त्यांना हाताला धरून न्यावे लागेल. टप्प्याच्या दराने भाडे लावले तरी हे अंतर त्यात मोजले जाणार नाही. पाण्याबरोबर वरखाली सरकणारा तरंगता धक्का हवा, हे मी या सगळ्या मागण्यांच्या अर्जात स्वतंत्रपणे लिहिले आहे. १ मेच्या ग्रामसभेत हा अर्ज मांडायचा आहे. पलीकडच्या काठावरची जी मंडळी हे वाचत असतील, त्यांनी आपल्या गावची लाँच किती वाजता येते, शेवटची कधी सुटते आणि गेल्या वर्षभरात किती वेळा मुक्काम करावा लागला, एवढे मला कळवावे. मामींच्या एका वहीवर अर्ज उभा राहत नाही.