मागच्या दारचा कप

परवा ताईकडे गेले होते तेव्हा भाच्याची शाळेची डायरी हातात आली. सातवीत आहे तो. लाल शाईत शेरा होता : 'वर्गात उलट उत्तरे देतो. पालकांनी समज द्यावी.' काय रे बोललास, विचारलं. तर म्हणाला, 'मोबाइल : शाप की वरदान' असा निबंध होता, बाई म्हणाल्या सगळ्यांनी शाप लिहा, परीक्षेत तेच येतं. हा उठून म्हणाला, "पण मला वरदान वाटतं. माझे बाबा मस्कतला असतात, मोबाइल आहे म्हणून रोज दिसतात."

एवढंच बोलला होता.

ताई म्हणाली, "जाऊ दे गं, सॉरी म्हणेल आणि विषय संपेल." तो खरंच सॉरी म्हणून आला. त्या शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' आहे, गेटवर सात-आठ देशांचे झेंडे आहेत. मला त्या शेऱ्याचा फार राग आलाय. रागाचं कारण जुनं आहे, म्हणून पोस्ट लांब होणार आहे.

मी अकरावी-बारावी सांगलीत केली नाही. २०१० ते २०१२ मी युरोपातल्या बोस्नियात, मोस्तार नावाच्या शहरात होते. युनायटेड वर्ल्ड कॉलेज. याच साखळीतलं एक कॉलेज आपल्या पुण्याजवळ मुळशीला १९९७ पासून आहे, ते बऱ्याच जणांना माहीत असेल. जगभरची सोळा ते एकोणीस वयाची मुलं दोन वर्षं एकत्र राहतात, एकत्र शिकतात. ही कल्पना कुर्ट हान या जर्मन शिक्षकाची, पहिलं कॉलेज १९६२ साली वेल्समध्ये निघालं. हान यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १९३२ मध्ये ते जर्मनीत झालेमची शाळा चालवत होते. नाझींनी एका कामगाराचा घरात घुसून खून केला आणि हिटलरने त्या खुन्यांची उघड बाजू घेतली. तेव्हा हान यांनी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहून कळवलं, हिटलर किंवा शाळा, दोन्हीतलं एक निवडा. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली, मग देश सोडावा लागला. ज्या शाळांचं मूळ अशा माणसाशी जोडलेलं आहे, तिथे उलट बोलणाऱ्या पोराला काय स्थान असेल, ते वेगळं सांगायला नको.

मोस्तारमध्ये आमचं कॉलेज शहरातल्या जुन्या जिम्नॅशियमच्या, म्हणजे तिकडच्या हायस्कूलच्या, इमारतीत होतं. पिवळसर-केशरी, कमानींची सुंदर इमारत. खालच्या वर्गांत क्रोएट (बहुतेक कॅथलिक) मुलं त्यांचा अभ्यासक्रम शिकायची, बोस्नियाक (बहुतेक मुस्लिम) मुलं त्यांचा. २००४ पासून प्रशासन एक, छप्पर एक, पण वर्ग वेगळे. शेजारून जाणारा बुलेव्हार रस्ता म्हणजे याच दोन समाजांतल्या १९९३ च्या युद्धातली आघाडीची रेषा, आणि मी होते तेव्हाही त्यावरच्या कितीतरी भिंती गोळ्यांनी चाळणी झालेल्या होत्या. १५६६ चा तो प्रसिद्ध दगडी पूल ९ नोव्हेंबर १९९३ ला तोफांनी नदीत पाडला गेला. २००४ ला तसाच पुन्हा बांधला. पूल झाला, माणसं काही एकत्र आली नाहीत. २००८ नंतर त्या शहरात बारा वर्षं महापालिकेची निवडणूकच झाली नाही, कारण नियम काय असावेत यावर पक्षांचं जमेना. शेवटी इरमा बारालिया नावाच्या तिथल्याच बाईंनी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात खटला भरला, २०१९ मध्ये जिंकल्या, तेव्हा कुठे २०२० च्या डिसेंबरात मतदान झालं.

तर अशा गावात मी सतरा वर्षांची, सांगलीहून आलेली, सगळ्यांना शहाणपण शिकवत होते. 'थिअरी ऑफ नॉलेज' नावाचा विषय असतो आयबीमध्ये, म्हणजे आम्ही शिकायचो त्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात. आपल्याला जे माहीत आहे ते नेमकं कशावरून माहीत आहे, हे त्यात तपासायचं. त्या तासाला मी मोस्तारच्याच एका मुलाला म्हणाले, "तुमची भाषा एक, दिसता सारखे, खाता एकच. मग भांडता कशासाठी? विसरून जा ना." आणि भाषेपुरतं माझं खोटं नव्हतं. सांगलीच्या आणि चंद्रपूरच्या मराठीत जेवढं अंतर आहे, तेवढंही बोस्नियन आणि क्रोएशियनमध्ये मला जाणवायचं नाही. तो मुलगा शांतपणे म्हणाला, "तुमच्याकडे जात असते ना? तुम्ही पण सारखेच दिसता."

मी म्हणाले, "ते पूर्वी होतं. आता शहरात कोणी जात पाळत नाही. निदान आमच्या घरी तरी नाही."

आमच्या वर्गात अजून एक मराठी मुलगी होती. चंद्रपूरची. तिने हात वर केला आणि सगळ्यांसमोर, माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाली, "मला हे मान्य नाही." मग मला विचारलं, "तुझ्या घरी भांडी घासायला ज्या बाई येतात, त्यांचा चहाचा कप कुठे ठेवलेला असतो?"

मी म्हणाले, "सगळ्यांच्या कपांबरोबर."

खोटं बोलले मी. आमच्या सांगलीच्या घरात मागच्या दारी मोरी आहे, तिच्या कट्ट्यावर खिडकीखाली एक कप उपडा असायचा. पांढरा, निळ्या फुलांचा, कान तुटलेला. मावशी यायच्या, स्वतःच तो विसळून घ्यायच्या, आई वरून चहा ओतायची. वरून, म्हणजे गाळणी कपाला लागणार नाही इतक्या वरून. चहा पिऊन झाला की मावशी कप धुवून परत तिथेच उपडा ठेवायच्या. सतरा वर्षं मी तो कप रोज पाहत होते आणि तिने विचारेपर्यंत तो मला दिसला नव्हता. आमच्या घरात जातीवरून कधी कोणी वाईट शब्द काढला नाही, त्यामुळे आपण जात पाळत नाही, असं मला मनापासून वाटायचं.

त्या रात्री हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात ती कुकर लावत होती. तिचाच कुकर, चंद्रपूरहून आणलेला. मी दारात उभी राहिले आणि सांगितलं, की कप मोरीवर असतो. ती वळलीही नाही. म्हणाली, "मले माईत होतं. तुया तोंडावर दिसलं." मग थोड्या वेळाने, "आता उभी काहून हाये? कांदे काप."

त्या कांद्यांवर मी किती रडले ते मलाच माहीत. पण माफी मागून गोड झालेली ही गोष्ट नाही. त्यानंतरची दीड वर्षं आम्ही भांडलो. आरक्षणावरून भांडलो, गांधींवरून भांडलो, ती 'तुम्ही लोक' म्हणायची त्यावरून भांडलो. मी म्हणायचे, मला एकटीला बोल, माझ्या सगळ्या खानदानाला माझ्या डोक्यावर बसवू नको. यातलं काही तिला पटलं, काही अजून पटलेलं नाही. पण भांडण कितीही चिडून झालं तरी त्या कुकरमधला भात दोघींचा असायचा. घरी मी हे कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे मतभेद झाला की माणसं एकतर गप्प बसतात नाहीतर बोलणं टाकतात. माझे दोन काका एका बांधावरून अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, आणि त्या अकरा वर्षांत दोघांनी समोरासमोर 'मला तुझं पटत नाही' एवढं एक वाक्य उच्चारलं नसेल. जे बोलायचं ते बायकांजवळ, शेजाऱ्यांजवळ.

तिच्याकडे एका पुस्तकाच्या झेरॉक्स होत्या, बाबासाहेबांचं 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. मी तोपर्यंत वाचलं नव्हतं, आणि याची मला आजही लाज वाटते. त्या पुस्तकाची हकिगत तिनेच मला सांगितली. १९३६ ला लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी मागवलं, मग हे गाळा, ते बदला असं सुरू झालं. बाबासाहेबांनी कळवलं, एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषदच रद्द झाली. त्यांनी भाषण स्वतःच्या पैशांनी छापलं. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली. तर १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींची ती टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि खाली स्वतःचं उत्तर दिलं. विरोधकाचं म्हणणं आपल्या पुस्तकात, आपल्या खर्चाने. वाचकाने दोन्ही वाचावं आणि ठरवावं. मला वाटतं शाळेत निबंध शिकवायच्या आधी ही गोष्ट सांगितली पाहिजे.

सुट्टीत घरी आले तेव्हा मी पहिल्याच दिवशी मोरीवरचा कप आत आणून मांडणीत ठेवला. आई म्हणाली, "आल्या आल्या शिकवायला लागू नकोस." आजी काहीच बोलली नाही, दोन दिवस माझ्या हातचं पाणी तेवढं प्यायली नाही. आणि मावशी? मी त्यांना घरातल्या कपात चहा दिला तर त्यांचा हातच पुढे येईना. म्हणाल्या, "राहू दे गं ताई. मला त्याच कपाची सवय हाय." मोस्तारला परत गेल्यावर मी हे मोठ्या अभिमानाने मैत्रिणीला सांगितलं. तिने विचारलं, "कप हलवायच्या आधी मावशीले इचारलं का तू?" नव्हतं विचारलं. विचारायचं असतं हेच सुचलं नव्हतं.

आईने पुढे दोन वर्षांनी सगळेच कप बदलले. का, ते मला कधी सांगितलं नाही. आता मावशी ओट्याशी खुर्चीवर बसून चहा घेतात आणि चहा पांचट झाला की आईला तोंडावर सांगतात.

आता मी त्या लाल शेऱ्याकडे येते. एखादं पोर उठून 'मला तसं वाटत नाही, कारण माझे बाबा मस्कतला असतात' म्हणतं, तेव्हा त्याने मत मांडलंय आणि सोबत कारणही दिलंय. शिकवणाऱ्याला याहून मोठं यश काय हवं? बाईंनी फक्त 'बरं, मग तूच वरदानाची बाजू लिही' म्हटलं असतं, तर शाळेचं एका पैशाचंही नुकसान नव्हतं. उलट त्या वर्गातल्या पस्तीस मुलांनी त्या दिवशी पाहिलं की खरं वाटतं ते बोललं तर घरी चिठ्ठी जाते. ती आता गप्प बसायला शिकतील. त्याला आपण संस्कार म्हणू. मग हीच मुलं मोठी होऊन समोर 'हो सर, हो मॅडम' करतील आणि रात्री खोट्या नावाने कोणालाही कसल्याही शिव्या देतील, आणि आपण विचारत राहू की सोशल मीडियाने यांना असं कसं केलं. तोंडावर, आपल्या नावाने, कारण देऊन नाही म्हणायची सवय त्यांना आपणच लागू दिली नाही. माझ्या मते शाळा आंतरराष्ट्रीय आहे की नाही हे पाहायची जागा तो वर्ग आहे. झेंडे, घोडेस्वारी, पोहण्याचा तलाव यांत मला काही रस नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी मला ठाऊक आहेत, ते रोज शेवटची दहा मिनिटं मुलांना विचारतात, आज माझं काय चुकलं सांगा. ती शाळा मी यांच्या आधी मोजेन.

मी ताईला सांगितलंय, सॉरी मागे घ्यायला नको, पण त्या शेऱ्याखाली आपण चार ओळी लिहू, आदराने. ती अजून तयार नाही. आम्ही बोलतो आहोत.

ही पोस्ट टाकायच्या आधी मी मैत्रिणीला पाठवली. ती आता नागपूरला असते. मी शेवटी एक परिच्छेद लिहिला होता, की त्या वादांनी मला वाढवलं, घडवलं वगैरे. तिचं उत्तर असं आलं :

"बाकी सारं बराबर हाये. पण वादानं वाढली म्हणते, ते अर्धंच हाये. वाढली तू. त्या दिवशी वर्गात हात वर केला तवा माये हात कापत होते, ते तुले दिसलं नाई. दोन वर्षं जो उठे तो मलेच इचारे, जात म्हंजे काय, सांग. तुमी सारे शिकले, शिकवा लागलं मले. मले तिथं फिजिक्स शिकाचं होतं वं."

तो परिच्छेद मी काढून टाकला. तिला विचारलं, तुझं हे पोस्टमध्ये घालू का?

"घाल. पण एक शब्द बी कापू नको."

कापलेला नाही.