दहा हजार केस आणि त्यांतले नायक : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतले कृष्णवर्णीय उद्योजक आणि प्राध्यापक स्टीव्हन रॉजर्स यांच्यावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की लॅम्पशेडच्या कारखान्यावर पैसा मिळवून नंतर हार्वर्डसारख्या धनाढ्य संस्थेत शिकवणाऱ्या माणसाला मी कृष्णवर्णीय उद्योजकांचा कैवारी ठरवले, हा भाबडेपणा आहे. वर्गात शिकवायच्या केस (एखाद्या कंपनीची प्रत्यक्ष हकिगत मांडणारी टिपणे) लिहून वंशभेद हटत नाही. आणि मूठभर उद्योजक श्रीमंत झाले म्हणून समाज श्रीमंत होत नाही.

तिसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो मला बराचसा मान्य आहे. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक (म्हणजे क्रमाने लावल्यास मधोमध येणाऱ्या कुटुंबाची) संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. गुलामगिरीनंतरही पिढ्यान्‌पिढ्या जमीन, घरकर्ज आणि भांडवल नाकारले गेल्यामुळे पडलेली ही दरी दुकाने थाटून बुजणार नाही. पण रॉजर्स तसे म्हणतही नाहीत. सरकारने नुकसानभरपाई द्यावी, या मागणीच्या बाजूने ते उघडपणे उभे आहेत. २०२१ साली गोऱ्या मित्रांना उद्देशून लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी केलेली एक सूचना मला विशेष वाटते : आपली ठेव कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या बँकेत ठेवा. अडीच लाख डॉलरपर्यंतच्या ठेवीला अमेरिकेत सरकारी विम्याचे संरक्षण असते, म्हणजे ठेवीदाराचे काही बुडत नाही आणि बँकेला मात्र कर्जे देण्यासाठी पैसा मिळतो. यात दानधर्माचा भाग नाही, साधा बँकिंगचा हिशेब आहे.

आता केसविषयी. इथे मात्र आपल्याशी माझे जमत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या वर्गात साधारण ९० विद्यार्थी असतात आणि प्रत्येकासमोर त्याच्या नावाची पाटी असते. आदल्या रात्री एखाद्या कंपनीवरची पंधरा-वीस पानी केस वाचून यायचे असते. प्राध्यापक व्याख्यान देत नाहीत. ते आल्या आल्या कोणाचे तरी नाव पुकारतात आणि विचारतात, की या माणसाच्या खुर्चीत तुम्ही असता तर काय केले असते? दोन वर्षांत असे शेकडो वेळा घडते. त्या खुर्चीत रोज कोणाला बसवले जाते, हाच तिथला खरा अभ्यासक्रम असतो, आणि पुढे कर्ज मंजूर करणारे, गुंतवणूक करणारे, माल खरेदीचे करार करणारे याच वर्गांतून बाहेर पडतात. रॉजर्स यांनी मोजणी करून दाखवले, की संस्थेच्या सुमारे १०,००० केसपैकी ज्यांचा नायक कृष्णवर्णीय होता अशा एक टक्कासुद्धा नव्हत्या, आणि पहिल्या वर्षाच्या सक्तीच्या सुमारे ३०० केसमध्ये तर अवघ्या दोन. तक्रार करून ते थांबले नाहीत, स्वतः केस लिहायला बसले. त्यांतली एक अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या व्हॅलरी डॅनियल्स-कार्टर यांच्यावर आहे. त्यांनी बर्गर किंगच्या एका दुकानापासून सुरुवात करून फ्रँचायझींचा मोठा व्यवसाय उभा केला. कृष्णवर्णीय उद्योजकांवरचा स्वतंत्र विषयही रॉजर्स यांनी हार्वर्डमध्येच सुरू केला.

याने वंशभेद हटला का? नाही. २०१९ मध्ये त्यांनी हार्वर्ड सोडले आणि संस्थेच्या वागणुकीवर जाहीर टीका केली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा बळी गेल्यानंतर संस्थेचे तेव्हाचे डीन (प्रमुख) नितीन नोहरिया यांनी, वंशभेदाविरुद्ध संस्था पुरेशी लढली नाही, अशी कबुली देऊन माफी मागितली. नोहरिया मुंबईच्या आयआयटीचे आणि त्यांच्यानंतर डीन झालेले श्रीकांत दातार मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, तेव्हा हे प्रकरण आपल्यापासून वाटते तितके दूर नाही. (शिवाय याच केस आपल्याकडच्या व्यवस्थापन संस्थाही विकत घेऊन शिकवतात.) ही माफी एकट्या रॉजर्स यांच्यामुळे आली, असा माझा दावा नाही. पण ती आली तेव्हा मोजलेला आकडा सर्वांसमोर होता.

श्रीमंतीचा आक्षेप मला तितका वजनदार वाटत नाही. शिकागोच्या एंगलवूड भागात वाढलेल्या या माणसाची आई जुने फर्निचर विकत असे आणि मुलगा तिच्या हाताखाली राबत असे. नफा म्हणजे काय, हे तो पुस्तकातून शिकलेला नाही. हार्वर्डच्या आधी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या केलॉग स्कूलमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे शिकवले ते उद्योजकांसाठीचे वित्तशास्त्र, म्हणजे धंदा विकत घेताना किंमत कशी काढायची, रोकड कुठे अडकते, कर्ज किती झेपते. ज्याने स्वतः कर्जाचे हप्ते फेडून कामगारांचे पगार केले आहेत, त्याने हे शिकवणे मला तरी अधिक बरे वाटते.

एका जागी मात्र चूक माझी आहे. रॉजर्स यांनी फेंचेल लॅम्पशेड हा कारखाना 'काढला' असे मी लिहिले होते. तो चालू धंदा त्यांनी विकत घेतला होता. हा फरक किरकोळ नाही, कारण चालू धंदा विकत घ्या हा सल्ला ते विद्यार्थ्यांनाही देत आले. आपण बोट ठेवलेली ती ओळ आज दुरुस्त केली आहे.