‘उरले’ दिसलं म्हणून वजाबाकी? शाब्दिक उदाहरणांच्या तक्त्याला उत्तर

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक रंगीत तक्ता फिरू लागतो. शीर्षक बदलतं, कधी ‘शाब्दिक उदाहरणांची सोपी युक्ती’ तर कधी ‘शब्द ओळखा, क्रिया ओळखा’, पण आतला मजकूर साधारण एकच असतो. एकूण, मिळून, सर्व, आणखी, जास्त हे शब्द दिसले की बेरीज. उरले, शिल्लक, कमी, फरक, परत दिसले की वजाबाकी. प्रत्येकी, पट दिसले की गुणाकार. समान वाटले, भाग केले दिसलं की भागाकार. खाली चार सूचना: गोष्टीत अडकू नका, आकड्यांना गोल करा आणि शेवटचं वाक्य वाचा, आधी चारही क्रिया पक्क्या करून घ्या, शाब्दिक उदाहरणं त्यानंतर, परीक्षेत विचार करत बसायला वेळ नसतो, आणि कच्च्या मुलांकडून तर हा तक्ता पाठच करून घ्या.

हेतू चांगला आहे, यात शंका नाही. दुसरी-तिसरीच्या वर्गात उभं राहिलेल्या प्रत्येकाने “बाई, बेरीज करायची का वजाबाकी?” हा प्रश्न ऐकलेला असतो, आणि तक्ता त्याच प्रश्नाचं तयार उत्तर देतो. माझी तक्रार अशी की मुलाला हा प्रश्न पडावा अशी सवय तक्ताच लावतो.

आधी शब्दांकडे बघू, कारण सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे.

‘पाडलेल्या कैऱ्यांपैकी ७ कैऱ्या आजीने लोणच्याला घेतल्या, ९ उरल्या. किती कैऱ्या पाडल्या होत्या?’ शब्द ‘उरल्या’, म्हणून तक्त्याप्रमाणे ९ वजा ७, उत्तर २. म्हणजे पाडल्या दोन आणि लोणच्यालाच गेल्या सात. ‘मीनाकडे १२ बोरं आहेत. तिच्याकडे सलीमपेक्षा ५ बोरं जास्त आहेत. सलीमकडे किती?’ शब्द ‘जास्त’, म्हणून १७. खरं उत्तर ७. ‘दोन वर्गांत मिळून ५३ मुलं आहेत, एका वर्गात २८ आहेत, दुसऱ्यात किती?’ शब्द ‘मिळून’, म्हणून ८१. एका वर्गात दोन्ही वर्गांपेक्षा जास्त मुलं! ‘चेंडू ३० रुपयांचा आहे, अजयजवळ १८ रुपये आहेत, आणखी किती लागतील?’ इथे ‘आणखी’ आहे आणि करायची आहे वजाबाकी. ‘प्रत्येकी’ची गंमत तर वेगळीच. ६ मुलांना प्रत्येकी ४ वह्या दिल्या, तर किती वह्या लागल्या? गुणाकार. २४ वह्या प्रत्येकी ४ याप्रमाणे वाटल्या, तर किती मुलांना मिळाल्या? भागाकार. शब्द तोच, वह्याही त्याच. आणि ‘लाडू ८ जणांना समान वाटले, प्रत्येकाला ३ आले, लाडू किती होते?’ यात ‘समान वाटले’ असूनही गुणाकार आहे.

ही मुद्दाम शोधलेली वाकडी उदाहरणं नाहीत. कैऱ्यांचं उदाहरण पहिलीतलं मूल बोटांवर सोडवतं, फक्त त्याला ते तोंडी विचारायला हवं. क्रिया प्रसंगात असते. काय होतं, काय घडलं, काय माहीत नाही, यावरून ती ठरते. शब्द त्या प्रसंगाचं वर्णन करतो, इतकंच.

मग तक्त्याने मुलांची गणितं बरोबर येतात, हा अनुभव कुठून येतो? तो खोटा नाही. बेरजेच्या धड्याखाली बेरजेची दहा शाब्दिक उदाहरणं असतात, वजाबाकीच्या धड्याखाली वजाबाकीची. आठवडाभर बेरीजच चालू असेल तर उदाहरण न वाचता दोन आकडे मिळवले तरी दहापैकी दहा मिळतात. श्रेय तक्त्याला जातं. सहामाहीला चारही क्रिया मिसळून आल्या की तेच मूल गोंधळतं, आणि दोष मुलाच्या ‘लक्ष न देण्याला’ दिला जातो.

‘आकड्यांना गोल करा, गोष्टीत अडकू नका’ ही सूचना मला सगळ्यात घातक वाटते. १९९५ साली मेरी हेगार्टी, रिचर्ड मेयर आणि ख्रिस्तोफर मंक यांनी कॅलिफोर्नियात शाब्दिक उदाहरणं सोडवणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांची नजर कुठे कुठे जाते हे यंत्राने टिपलं. ज्यांची उदाहरणं चुकत होती ते पुन्हा पुन्हा आकड्यांकडे आणि ‘जास्त-कमी’सारख्या शब्दांकडे वळत होते. ज्यांची बरोबर येत होती ते कोणती वस्तू, कुणाची, कशाशी ताडून पाहिली आहे याकडे वळत होते. म्हणजे चुकणाऱ्यांची जी सवय, ती आपण तिसरीतच नियम म्हणून शिकवतो आहोत.

ही सवय किती खोल जाते त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण फ्रान्समधलं आहे. १९८० च्या सुमारास ग्रेनोबलमध्ये दुसरी-तिसरीच्या ९७ मुलांना विचारलं गेलं: ‘जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत. कप्तानाचं वय किती?’ ९७ पैकी ७६ मुलांनी आकड्यांची जुळवाजुळव करून उत्तर दिलं. ही मुलं बावळट नव्हती. वर्गात गणित म्हणून जे काही समोर येतं त्यातले आकडे उचलायचे आणि त्यांचं काहीतरी करायचं, हा धडा त्यांनी नीट गिरवला होता.

मोठ्या मुलांचंही फार वेगळं नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, १,१२८ सैनिकांना किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण २९ टक्के मुलांचं उत्तर होतं ‘३१ बस, बाकी १२’. आपल्याकडच्या कुठल्याही एसटी कंडक्टरला हे उत्तर ऐकवून पाहावं! भागाकार आला, रीत आली, बारा सैनिक मात्र स्टँडवरच राहिले.

आता ‘आधी क्रिया, मग शाब्दिक उदाहरणं’. हे पटकन पटतं आणि बहुतेक शाळांत असंच चालतं. पण मुलांच्या डोक्यात हा क्रम असतो का? थॉमस कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बालवाडीतल्या ७० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलांना क्रियांच्या रीती शिकवलेल्या नव्हत्या, पण वर्षभर त्यांच्या शिक्षिका त्यांना गोष्टीतली गणितं घालत होत्या. वर्षाअखेरीस त्यांना नऊ उदाहरणं दिली. त्यांत गुणाकाराची, भागाकाराची आणि बाकी उरणारीही होती. ३२ मुलांनी नऊच्या नऊ उदाहरणांना योग्य मार्ग वापरला. ठोकळे मांडून, चित्रं काढून, मोजून. वाटणी म्हणजे काय हे पाच वर्षांच्या मुलाला कळतं. भावंडांत चॉकलेट वाटलं गेलेलं त्याने पाहिलेलं असतं. भागाकाराचं चिन्ह कळायला वेळ लागतो, तो लागू द्यावा.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहराचं उदाहरण याहून बोलकं आहे. तेरेझिन्या नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांना आधी गिऱ्हाईक बनून हिशोब विचारले. मुलं फक्त पाच, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरी १९८५ मध्ये छापलेले आकडे बघण्यासारखे आहेत. बाजारातले हिशोब ९८.२ टक्के बरोबर. नंतर त्याच मुलांना तशीच गणितं कागदावर दिली, तर शाब्दिक उदाहरणं ७३.७ टक्के बरोबर आणि नुसत्या क्रिया ३६.८ टक्के. एकाला विचारलं, ३५ चा एक नारळ, दहा नारळांचे किती? पोराने हिशोब सुरू केला: तिनाचे १०५, आणखी तिनाचे म्हणजे २१०, अशा पायऱ्या चढत तो ३५० वर पोचला. दहाने गुणायचं तर पुढे शून्य द्यायचं, ही शाळेची रीत त्याने वापरलीच नाही. तक्त्याच्या क्रमाने गेलो असतो तर नुसत्या क्रियांतच हा मुलगा ‘कच्चा’ ठरला असता आणि शाब्दिक उदाहरणांपर्यंत त्याचा नंबरच लागला नसता.

हे परदेशातलं झालं असं कुणी म्हणेल. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारातली मुलं गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करत होती, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या बेरजा-भागाकारांत अडत होती. आणि शाळेतली मुलं? ती नेमकी उलटी. कागदावरच्या क्रिया बऱ्या, पण बाजारातला हिशोब जमेना. क्रिया पक्क्या झाल्या की त्या वापरणं आपोआप येतं, ही समजूत इथे सरळ कोसळते. त्यात आणखी एक व्यावहारिक अडचण. मुलांना वाचन आणि गणित किती येतं हे तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीच्या ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी येत होती आणि पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांना भागाकार. ‘पक्कं होईपर्यंत थांबा’ म्हटलं तर उरलेल्या दोन-तृतीयांश मुलांनी कधीपर्यंत थांबायचं?

परीक्षेचा मुद्दा लवकर आटोपतो. शिष्यवृत्तीच्या पेपरला ७५ प्रश्न आणि दीड तास, हे खरं आहे. पण तिथे चार पर्याय असतात आणि चुकीच्या क्रियेने येणारं उत्तर त्यांत बहुधा ठेवलेलंच असतं. सलीमच्या बोरांच्या उदाहरणात १७ हा पर्याय नसेल असं वाटतं का? तक्ता पाठ असलेलं मूल तो पर्याय सगळ्यात झटपट काळा करतं.

राहिली ती कच्ची मुलं, आणि इथे मला तक्ता करणाऱ्यांशी थोडं सहमतही व्हायचं आहे. भाषा ही खरी अडचण आहे. टॉम हडसन यांनी १९८३ मध्ये लहान मुलांना पाच पक्षी आणि तीन अळ्यांसारखं चित्र दाखवून दोन तऱ्हांनी विचारलं. ‘अळ्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त?’ याला बालवाडीतल्या २५ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिलं. ‘सगळे पक्षी अळ्यांवर झेपावले, प्रत्येकाने एकेक पकडायचं ठरवलं, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?’ असं विचारलं तेव्हा ९६ टक्के मुलांनी. चित्र तेच, वजाबाकी तीच. अडत होतं ते ‘पेक्षा कितीने जास्त’ या बोलण्यापाशी. त्यामुळे शब्दांवर काम करायला हवं, हे तक्त्याचं म्हणणं मान्य. पण ‘जास्त म्हणजे बेरीज’ असं घोकून ‘पेक्षा जास्त’ समजत नाही; उलट समजण्याची वाटच बंद होते. दोन ओळींत चिंचोके समोरासमोर लावून ‘कुणाला जोडीदार नाही?’ एवढं विचारलं की पुरतं.

मेळघाटात कोरकू बोलणारं, नंदुरबारमध्ये पावरी किंवा भिलोरी बोलणारं, गडचिरोलीत माडिया बोलणारं मूल मराठी पुस्तकातलं उदाहरण वाचतं तेव्हा त्याच्यासमोर दोन कोडी असतात. अशा मुलाला चार मराठी शब्द आणि चार चिन्हं जोडून देणं म्हणजे परक्या गावात सोडून फक्त दुकानांच्या पाट्या वाचायला लावणं. तोच प्रसंग त्याच्या भाषेत सांगितला, दोन मुलांना उभं करून वर्गात घडवून दाखवला, की बहुतेक वेळा क्रिया विचारावीच लागत नाही.

वर्गात यासाठी साहित्य लागत नाही. उदाहरणातले आकडे झाकून फक्त गोष्ट वाचा: बसमध्ये काही माणसं होती, थांब्यावर काही उतरली, काही चढली. आता बसमध्ये आधीपेक्षा जास्त असतील का कमी? सांगता येईल का? मुलं भांडतात, ‘किती उतरले ते सांगा ना’ म्हणून मागे लागतात. आकडे त्यानंतर द्यावेत, म्हणजे ते मागून घेतलेले असतात. उलट बाजूनेही जाता येतं: फळ्यावर १५ – ७ लिहून प्रत्येकाकडून एक गोष्ट मागावी. बहुतेक मुलं खाल्लं, हरवलं, फुटलं अशाच गोष्टी सांगतील. कुणीतरी दोघांच्या गोट्यांची तुलना आणेल, कुणी कमी पडणारे पैसे. वजाबाकीची ही तीन रूपं वर्गानेच शोधलेली असतात. आणि आठवड्यातून एकदा तरी चारही क्रियांची मिसळ द्यावी, त्यात एक उदाहरण असं की ज्यात माहिती अपुरी आहे आणि उत्तर काढताच येत नाही. पहिल्या वेळी वर्ग चिडतो. दुसऱ्या वेळेपासून वाचायला लागतो.

तक्ता भिंतीवर आधीच लावलेला असेल तर काढायचीही गरज नाही. तिसरी-चौथीच्या मुलांना गट करून सांगा: यातल्या एकेका ओळीला खोटं ठरवणारं एकेक उदाहरण तयार करा. ‘परत’ या शब्दापासून सुरुवात करायला हरकत नाही. ताईने ३६ रुपयांचं सामान घेतलं, दुकानदाराने १४ रुपये परत दिले. तिने किती रुपयांची नोट दिली होती?