दाजी, आता ऐका

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला त्याचा मेव्हणा सहसा काही शिकवायला जात नाही. दाजींचा मान असतो. पण माझ्या मेव्हण्याला हेडफोनचा नाद लागलाय, आणि असा नाद एकट्याने करता येत नाही. 'हो, फरक आहे' म्हणणारा कुणीतरी समोर बसलेला लागतो. त्याच्या बायकोने हे काम कधीच नाकारलं. म्हणून कुपवाडच्या एमआयडीसीतली ड्यूटी नसेल त्या रविवारी तो सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी एक काळी बॅग घेऊन येतो आणि ताईला विचारतो, "दाजी उठले का?"

बॅगेत दोन-तीन हेडफोन, वायरींची भेंडोळी आणि दोन डब्या. एका डबीचं नाव डॅक. फाइलमधल्या आकड्यांचा विजेचा सिग्नल करणं तिचं काम. दुसरी ॲम्प, ती त्याला जोर देते. हे दोन्ही फोनच्या पोटात असतंच की, असं मी म्हणालो. मेव्हण्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. त्याचे हेडफोन 300 ओहमचे, म्हणजे विजेला बराच अडथळा करणारे आहेत. नुसत्या फोनला लावले की कण्हतात. शिवाय ते उघड्या पाठीचे. म्हणजे आवाज कानात जातो तेवढाच बाहेरही येतो. "सगळ्या घराला ऐकू येतंय, मग हेडफोन कशाला?" हा हिचा प्रश्न मला बिनतोड वाटला, पण मी दाजी असल्याने तटस्थ राहिलो.

पहिला धडा कान तपासण्याचा. तरुण निरोगी कानाला साधारण 20 ते 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि वय वाढेल तसा वरचा मजला बंद होत जातो. मेव्हण्याने शिटीसारखा एक सूर लावला आणि तो वर वर नेऊ लागला. 8 हजार, 10 हजार, 12 हजार. मी मान डोलावत होतो. पुढे थोडी शांतता पसरली, तरी मी डोळे मिटून डोलावतच होतो.

"दाजी, मी बंद केलंय."

"हो, तेच. किती स्वच्छ बंद झालं."

एवढ्यात पलीकडच्या खोलीतून शेजाऱ्यांची नात कानावर हात ठेवून बाहेर आली. मघाशी 16 हजारावर गेलेला सूर तिला भिंतीआडून टोचत होता.

'मला फरक कळत नाही' असं सरळ सांगून मोकळं का नाही व्हायचं, असं कुणी म्हणेल. अहो, गाव कुठलं! आमच्याकडे हळकुंड मोडून आतल्या रंगावरून भाव सांगणारी माणसं आहेत. आणि कानाचं म्हणाल तर आमच्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी सप्तकातल्या 22 श्रुतींचा, म्हणजे सुरांमधल्या बारीक अंतरांचा, हिशोब मांडून 1910 साली इंग्रजीत पुस्तक काढलं. त्या उद्योगात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची साथ होती. ज्या गावचे पेन्शनर रिकाम्या वेळात श्रुती मोजत बसायचे, तिथे मी कुठल्या तोंडाने सांगू की दोन हेडफोन मला सारखेच वाटतात?

मग मी भाषा शिकलो. बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, घट्ट आहे म्हणायचं. ट्रेबल, म्हणजे वरचा बारीक आवाज, जरा चावतो म्हणायचं. गायक डोक्याच्या आत नाही, समोर चार हातांवर बसलाय, असं हवेत बोट रोवून दाखवायचं. मेव्हणा खूश व्हायचा. बरं, सगळंच थोतांड नव्हतं. चष्म्याच्या काडीने गादी आणि कानामागची त्वचा यांत फट राहते आणि बंद पाठीच्या हेडफोनमधला बेस तिथून पसार होतो, हे मला स्पष्ट ऐकू आलं. चष्मा काढला की पखवाज भरतो, घातला की मेव्हण्याचा आशाळभूत चेहरा दिसतो. मी पखवाज निवडला.

खरा घोळ टाळांनी केला. 128 केबीपीएसच्या, म्हणजे फार दाबून लहान केलेल्या, एमपी3 फाइलमध्ये टाळ-झांजांची वरची किणकिण चुरगळते, ओल्या फडक्यात गुंडाळून वाजवल्यासारखी. एकदा ते कानाला दाखवून दिलं की संपलं. रिक्षातला अभंग गेला. लग्नाच्या हॉलमधली सनई गेली. गणपतीत मंडळाच्या स्पीकरवर आरती लागली आणि हात जोडलेला मी हिला कुजबुजत म्हणालो, "टाळ ऐक, पार सडलेत." ती म्हणाली, "आधी नमस्कार करा."

अखेर तिनेच सोक्षमोक्ष लावायचा ठरवला. साधा डॅक की महागडा, वायर ती बदलणार, आम्ही पाठमोरे बसणार. मेव्हणा इंजिनिअर, तेव्हा नियम कडक. दोन्हीकडचा आवाज आधी मल्टीमीटर लावून सारखा केला, कारण किंचित मोठा वाजणारा आवाज मोठा म्हणून कळतच नाही, नुसता चांगला वाटतो. निम्मं मार्केट यावरच चालत असावं, असा माझा संशय आहे. 16 फेऱ्यांत निदान 12 उत्तरं बरोबर आली तर कान खरा, असा हिशोब. हिने पदर खोचला, वायरी हातात घेतल्या आणि विचारलं, "बोला, कुठला?" आम्ही भुवया आक्रसून, मनगट हनुवटीला टेकवून, दिग्गजांच्या थाटात उत्तरं दिली. नाणं उडवून जेवढं जमलं असतं तेवढंच जमलं. मेव्हण्याने आधी वायरीला दोष दिला, मग सांगलीतल्या विजेला, मग ताईच्या बांगड्यांच्या आवाजाला.

त्याच आठवड्यात हिच्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची गुंजणारी झणक, काढायची होती. मिरजेला सतारमेकर गल्लीत जायचं म्हटल्यावर मेव्हणा बॅग घेऊन गाडीत येऊन बसला. दुकानात उभे-आडवे भोपळे, लाकडाचा भुसा, आणि मध्ये मांडी घालून बसलेले कारागीर. ते घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, कानशीने हलकेच घासत, तार छेडत, घोडी आणि तारेच्या मधलं सूत केसभर सरकवत. पुन्हा तार छेडत. प्रत्येक वेळी हिचा चेहरा उजळत होता. मला पहिल्या आणि पाचव्या वेळेत काडीचा फरक कळला नाही, पण इथे मल्टीमीटर काढायची कुणाची छाती झाली नाही.

मेव्हण्याला राहवेना. "मामा, जरा हे ऐकता का?" म्हणत त्याने आमचं परीक्षेचं ध्वनिमुद्रण लावलं. एका जुन्या मैफलीचं होतं, माझं अत्यंत लाडकं. मामांनी साधा डॅक ऐकला, महागडा ऐकला, हेडफोन काढून भुश्यावर ठेवले.

"दोन्ही बरे आहेत ओ," ते म्हणाले. "पण ह्यांच्या तंबोऱ्याचा पंचम उतरलाय, बेसूर वाजतोय. कुणी सांगितलं नाही का त्यांना?"

मैफल होऊन चाळीस वर्षं झाली असावीत.

आता मला दुसरं काही ऐकूच येत नाही. साध्या हेडफोनवर पंचम उतरलेला आहे, महागड्यावर तो अधिक तपशिलात उतरलेला आहे. चष्मा काढला, घातला, फाइल बदलली, उतरलेलाच. मी हे मेव्हण्याला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता.

"दाजी," तो म्हणाला, "चांदीची केबल लावून बघायची का?"