‘बाळसं आहे, झडेल आपोआप’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी रात्री माहेरच्या ग्रुपवर धाकट्या बहिणीने एक लांबलचक मेसेज टाकला. वर हिरव्या पानांचं चित्र, खाली ‘एका नामांकित हृदयरोगतज्ज्ञांचा पालकांना मोलाचा सल्ला’. सल्ल्याचं सार एवढंच, की पोरांच्या वाढत्या वजनाची काळजी करू नका आणि त्यांचं रक्त तपासत बसू नका. तज्ज्ञांना नाव नाही, गाव नाही, दवाखाना नाही. हाच मेसेज त्याआधी तीन वेळा माझ्याकडे आला होता आणि तिन्ही वेळा मी खोडून टाकला होता. या वेळी नाही खोडला, कारण त्याखाली बहिणीने लिहिलं होतं, ‘अक्का, वाच की हे. उगंच घाबरवायलेत आपल्याला. पोरांना घेऊन येणार होते ते आता राहू दे.’

बहीण निपाणीला दिलेली. जूनमध्ये तिच्या नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं, बेळगावला आणलं, अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाची तुंबलेली धमनी फुगवून मोकळी केली, आणि ती उघडी राहावी म्हणून एक स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, बसवली. वय ४३. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन्ही मुलांचं कोलेस्टेरॉलही एकदा बघून घ्या. थोरला ११ वर्षांचा, ५८ किलो. धाकटी ८ वर्षांची, अगदी काडी. मी १९ वर्षं बेळगावात लॅबमध्ये रक्त काढते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं. एका फॉरवर्डने ते रद्द झालं.

मेसेजात सहा मुद्दे आहेत. दुसरा आणि तिसरा सगळ्यात घातक, म्हणून आधी तेच घेते.

दुसरा मुद्दा असा: ‘मुलाच्या वजनाचा आणि आईवडिलांच्या हृदयाचा काडीचाही संबंध नाही. बापाला अटॅक येतो तो टेन्शनने.’

अमेरिकेत लुइझियाना राज्यात बोगालूसा नावाचं गाव आहे, आपल्या निपाणीहूनही लहान. तिथे डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७०च्या दशकात शाळेतल्या पोरांचं वजन, बीपी, रक्त तपासायला घेतलं आणि तीच पोरं मोठी होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासली. हजारो मुलं, कित्येक वर्षं. १९९७ साली त्यातला एक हिशेब छापून आला. ज्यांच्या आईला किंवा वडिलांना हृदयविकार होता, ती मुलं लहानपणापासूनच इतरांपेक्षा जाड होती, आणि वाढत्या वयात त्यांच्या रक्तातले आकडेही इतरांपेक्षा लवकर बिघडत गेले. आता उलट्या बाजूने बघा. अमेरिकेतल्याच आयोवा राज्यातल्या मस्काटीन गावात शाळकरी पोरांवरून सुरुवात करून त्यांच्या घरच्यांची माहिती काढली. लठ्ठ पोरांच्या नात्यात हृदयविकाराने गेलेली माणसं जास्त निघाली. ही गोष्ट १९९२ची. म्हणजे बापाकडून पोराकडे बघा, नाहीतर पोराकडून बापाकडे, वाट एकाच घरातून जाते.

आणि जाणार नाही तर काय? रक्त एक, तेलाचा डबा एक, संध्याकाळी बसायचा सोफा एक. बहिणीकडे स्टेंटनंतर तेवढी एक सुधारणा झाली, ती म्हणजे दोन स्वयंपाक. नवऱ्याला बिनतेलाची भाजी आणि एक भाकरी. पोराला शाळा सुटल्यावर बेकरीतला क्रीमरोल, मग शेव घालून भडंग, मग रात्री लोण्याचा गोळा घेऊन जेवण, कारण ‘वाढतं अंग आहे’. बापाची वही भरली म्हणून पोराची कोरी घ्यायची आणि त्याच शाईने लिहायला बसायचं. निपाणीत राहून तंबाखूचा विषय मी काढत नाही. बहिणीला माहीत आहे मी कशाबद्दल बोलते.

यावर तिचं ठरलेलं उत्तर: ‘आमचे हे तर सडपातळ आहेत, मग वजनाचा काय संबंध?’ पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला आणि डॉ. जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडचा सडपातळ माणूस आतून सडपातळ असेलच असं नाही. शर्टाचं माप बघून हृदयाचा अंदाज बांधू नये.

तिसरा मुद्दा वाचून तर मी हातातला चहा खाली ठेवला. ‘तिशीच्या आत कोलेस्टेरॉल होतच नाही. लहान मुलांची तपासणी ही लॅबवाल्यांची लूट.’

कोलेस्टेरॉल ‘होत’ नसतं, ते जन्मापासून प्रत्येकाच्या रक्तात असतंच. प्रश्न किती, एवढाच. पुन्हा बोगालूसाच. तिथल्या २ ते ३९ वर्षं वयाच्या २०४ जणांचं शवविच्छेदन झालं, त्यातले बहुतेक अपघातासारख्या कारणांनी गेलेले. १९९८ साली निष्कर्ष आला. धमन्यांच्या आत चरबीचे पट्टे लहान वयातच दिसत होते, आणि जिवंतपणी ज्यांचं वजन, बीपी, कोलेस्टेरॉल असं एकापेक्षा जास्त काही चढलेलं होतं, त्यांच्यात ते जास्त पसरलेले होते. तिशीची वाट बघत कुणी थांबलेलं नव्हतं.

या मुद्द्याने धाकटीचं नुकसान जास्त होणार आहे, थोरल्याचं कमी. जन्मापासूनच वाईट कोलेस्टेरॉल फार चढलेलं असणारा एक अनुवंशिक दोष असतो, साधारण अडीचशे माणसांत एकाला. आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो मिळायची शक्यता निम्मी. पोर जाड की बारीक, त्याला फरक पडत नाही. चेहऱ्यावर, अंगावर बहुधा काही दिसत नाही. कळायचा साधा उपाय म्हणजे रक्त तपासणं. त्रेचाळिसाव्या वर्षी ज्याला स्टेंट पडतो, त्याच्या घरात हा दोष आहे की नाही हे बघायलाच हवं. अमेरिकेच्या २०११च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सगळ्याच मुलांचं कोलेस्टेरॉल ९ ते ११ वर्षांच्या दरम्यान एकदा बघावं. घरातल्या पुरुषाला ५५च्या आत किंवा बाईला ६५च्या आत हृदयविकार झाला असेल, तर दोन वर्षांपासून पुढे कधीही. हल्ली पहिल्या तपासणीला उपाशीही राहावं लागत नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून चांगलं, म्हणजे रिपोर्टातलं एचडीएल, वजा करायचं, उरलेला आकडा १४५च्या वर गेला तर मग उपाशीपोटी परत काढायचं. एक ट्यूब रक्त.

लुटीचं म्हणाल, तर अर्धं खरं आहे, आणि मी लॅबमध्ये असून म्हणते. धडधाकट पोरांना साठ-सत्तर तपासण्यांचं ‘फुल बॉडी पॅकेज’ गळ्यात मारणारे आहेत. ते नका घेऊ. डॉक्टरांनी लिहिलेली एक तपासणी म्हणजे पॅकेज नव्हे.

पहिला मुद्दा, ‘बाळसं आहे, उंची वाढली की झडतं’. हा आमच्या आईचाही आवडता. वर्षाच्या गुबगुबीत बाळाबद्दल बोलत असाल तर मान्य. त्यानंतर बीएमआय खाली येत जातो, पाच-सहा वर्षांच्या सुमाराला सगळ्यात कमी असतो आणि मग परत चढायला लागतो. अकराव्या वर्षी ५८ किलोला बाळसं म्हणायचं असेल, तर मराठीत दुसरा शब्द शोधायला हवा. बोगालूसात जी मुलं लठ्ठ होती, त्यातली ७७ टक्के मोठेपणीही लठ्ठच राहिली. झडणारं असतं तर झडलं असतं.

चौथा मुद्दा, ‘हे सगळं रक्तातच असतं, करून काही उपयोग नाही’. अहो, दुसऱ्या मुद्द्यात संबंध काडीचाही नव्हता ना? दोन परिच्छेदांत काडीची तुळई झाली. रक्तात असतं हे मला मान्य करावंच लागतं, आईवडील लठ्ठ असले की मुलाला धोका वाढतो. उपयोग नाही हे मात्र साफ खोटं. बोगालूसा, मस्काटीन आणि फिनलंड, ऑस्ट्रेलियातले असेच दोन अभ्यास एकत्र करून २०११ साली ६,३२८ जणांचा हिशेब मांडला गेला. लहानपणी जाड असूनही मोठेपणी ज्यांचा लठ्ठपणा राहिला नाही, त्यांचा मधुमेह, बीपी, कोलेस्टेरॉलचा धोका कधीच जाड नसलेल्यांच्या जवळपास येऊन बसला. ज्या पोराला तुम्ही ‘नशीब’ म्हणून सोडून द्यायला निघालात, त्याच्यासाठी याहून चांगली बातमी मला माहीत नाही.

पाचवा, ‘साखरेने वजन वाढतं, गुळाने नाही’. शंभर ग्रॅम साखरेत चारशेच्या आसपास कॅलरी, गुळात तीनशे ऐंशीच्या आसपास. गोकाकचा करदंट, म्हणजे गुळाची मिठाई, मलाही आवडतो, पण तो औषध म्हणून कुणी खात नाही.

सहावा, २१ दिवस ओवा-जिऱ्याचं पाणी. प्या. ढेकर चांगली येते.

एक मात्र बहिणीला वेगळं सांगितलं. पोराला एकट्याला डाएटवर बसवायचं नाही, आणि सासूबाईंनी कौतुकानेसुद्धा ‘जाड्या’ म्हणायचं नाही. नवऱ्याची बिनतेलाची भाजी आहे ना, तीच चार चमचे तेल घालून सगळ्यांना करायची. बिनतेलाची त्यालाही गिळवत नाही. आणि शाळेची रिक्षा बंद. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, मी चालून बघितलंय.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. दोन तास सगळे गप्प. मग मामाने हात जोडल्याचं चित्र टाकलं, त्याखाली कुणीतरी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. साडेअकराला बहिणीचा वेगळा मेसेज आला, ‘शनिवारी येते सकाळच्या गाडीने. दोघांनाही आणते. उपाशी आणायचं काय?’

उपाशी नको, खायला घालून आण. क्रीमरोल सोडून काहीही.